मोकळ्या जगातला भिडू: वाळूच्या ढिगापासून मोबाईलपर्यंत

(न्हावा शेवा इथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला विचारलं, "तुम्ही इतिहासावर बोलणार म्हणून आलो, आणि फळ्यावर व्हिडिओ गेम लिहिलंय. हा इतिहास कधीपासून झाला?" प्रश्न रास्त आहे. त्यांना मी म्हटलं, दहा मिनिटं बसा, नाही पटलं तर उठून जा. ते अजून बसलेले आहेत, म्हणून सुरुवात करतो. (हशा)

व्हिडिओ गेमचे प्रकार पुष्कळ. त्यातला एकच मी आज घेतलाय. इंग्रजीत त्याला 'ओपन वर्ल्ड' किंवा 'सँडबॉक्स' म्हणतात. ओपन वर्ल्ड म्हणजे मोकळं जग. गेम सुरू केला की समोर एक आख्खं शहर असतं, नाहीतर जंगल, नाहीतर आकाश. कुठं जायचं, काय करायचं, ते तुम्ही ठरवायचं. सँडबॉक्स म्हणजे वाळूची पेटी. मूल त्यात बसलं की काय बनवायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं.

माझा प्रश्न साधा आहे. अमुक कर असं कुणीच सांगितलं नाही, तर माणूस काय करतो? आणि त्यात त्याला मजा कसली येते? माणूस खरा कसा आहे हे कळायला ही फार चांगली जागा आहे, आणि म्हणून हा इतिहासाचाही विषय आहे.

वाळू आणि माती

सुरुवात खऱ्या वाळूपासून करू. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत, बर्लिनमध्ये, सार्वजनिक बागांत मुलांसाठी वाळूचे ढीग टाकलेले असत. मारी झाक्शेव्स्का नावाच्या डॉक्टर बाईंनी ते पाहिले आणि अमेरिकेत बोस्टनला कळवलं. तिथं १८८५ च्या सुमारास गरीब वस्त्यांत असे ढीग टाकले गेले. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण याच ढिगापासून सुरुवात करतात. १८८८ मध्ये स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञानं अशाच एका ढिगावर निबंध लिहिला. काही मुलगे उन्हाळ्यामागून उन्हाळे एका अंगणातल्या वाळूवर खेळत होते. त्यांनी शेतं केली, घरं केली, रस्ते केले, लाकडाची माणसं केली. कुणी शिकवलं नव्हतं, आणि जिंकायचं असं त्यात काहीच नव्हतं.

आता हे ऐकून तुमच्या मनात जे आलंय तेच माझ्याही मनात आलं. आपण दिवाळीत किल्ला करतो! दगडविटा रचायच्या, त्यावर पोतं टाकायचं, मातीचा चिखल थापायचा. अळीव नाहीतर मोहरी पेरायची, म्हणजे चार दिवसांत हिरवळ. वर सिंहासनावर महाराज, दरवाजाशी मावळे, खाली विहीर, एक गुहा, गुहेत वाघ. आणि मग पोरांचं स्वतःचं डोकं चालतं. पायथ्याशी प्लॅस्टिकची आगगाडी येते. बुरुजाच्या बाजूला क्रिकेटचं मैदान येतं. मोठी माणसं म्हणतात, "अरे, शिवकाळात हेलिकॉप्टर कुठून?" पोरगं म्हणतं, "राहू दे ना."

सँडबॉक्स समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. त्यातल्या दोन गोष्टी बघा. एक, किल्ला बांधून पूर्ण झाला की पोरांचा त्यातला रस कमी होतो. मजा बांधण्यात असते. दोन, दिवाळी संपली की हीच पोरं त्या किल्ल्याच्या गुहेत सुतळी बॉम्ब लावतात. ज्यानं चार दिवस खपून बांधला, तोच कान झाकून पुढं उभा असतो. बांधण्याची मजा आणि उडवण्याची मजा एकाच पोराच्या अंगात असते. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

लिंबूटिंबू

आपल्या खेळांत आणखी एक सुंदर सोय आहे. लपाछपीत, पकडापकडीत एखादं लहान भावंड मध्येमध्ये येतं. त्याला काय म्हणायचं? लिंबूटिंबू. म्हणजे तो खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो आउट होत नाही. पकडला तरी हसतो आणि परत पळतो.

जुने व्हिडिओ गेम असे नव्हते. पार्लरमध्ये नाणं टाकलं की तीन जीव मिळायचे. तीन संपले की खेळ खलास, दुसरं नाणं काढा. मोकळ्या जगाच्या गेमनं काय केलं? खेळणाऱ्याला लिंबूटिंबू केलं. तिथं मेलात तर दवाखान्याच्या दारात उठता, खिशातले थोडे पैसे गेलेले असतात, बस. एकदा हरण्याची भीती गेली की माणूस धाडस करून बघतो, चूक करून बघतो. "इथून उडी मारली तर काय होईल?" हा प्रश्न तेव्हाच सुचतो.

१९८४

आता साल १९८४. केंब्रिजमध्ये शिकणारी दोन पोरं, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल. त्यांनी 'एलीट' नावाचा गेम लिहिला. तुम्ही एका छोट्या अवकाशयानाचे मालक. एका ग्रहावर स्वस्तात माल घ्यायचा, दुसऱ्यावर चढ्या भावानं विकायचा. व्यापारी व्हा, चाचे व्हा, चाच्यांना पकडून बक्षीस मिळवा. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. हे सगळं अवघ्या २२ किलोबाइटमध्ये बसवलं होतं. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर सुप्रभातचं जे चित्र पाठवता ना, ते त्याहून मोठं असतं. (हशा)

आधी ते एका मोठ्या कंपनीकडे गेले होते. कंपनी म्हणाली, यात गुण कुठायत? तीन जीव कुठायत? दहा मिनिटांत संपत कसा नाही? आणि नाकारला. पुढं एकॉर्नसॉफ्टनं तो काढला आणि ब्रिटनमध्ये तो प्रचंड चालला. लोकांना गुण नकोच होते. त्यांना जायला जागा हवी होती. बंदराजवळ राहणाऱ्यांना हे मी काय सांगणार? इथून माल घ्यायचा, तिथं विकायचा, वाटेत वादळ आणि चाचे. माणूस हा खेळ हजारो वर्षं खराखुरा खेळत आलाय.

पण १९८४ म्हटलं की या गावात दुसरं काहीतरी आठवतं. आठवायलाच हवं. त्याकडे येतो.

१९८९

विल राईट नावाचा एक अमेरिकन तरुण. त्यानं १९८४ मध्ये एक गेम केला होता, हेलिकॉप्टरनं बेटांवर बॉम्ब टाकायचा. ती बेटं काढायला त्यानं स्वतःपुरतं एक साधन बनवलं होतं. खेळता खेळता त्याच्या लक्षात आलं, की बॉम्ब टाकण्यापेक्षा आपल्याला बेटं काढण्यात, रस्ते आखण्यात, घरं मांडण्यात जास्त मजा येतेय. त्यातून १९८९ मध्ये 'सिमसिटी' आला. तुम्ही नगररचनाकार. इथं वस्ती, इथं कारखाना, इथं वीज. शेवट नाही, जिंकणं नाही.

आणि लोकांनी काय केलं? महिनोन् महिने शहर वाढवलं आणि मग यादीतून पूर, आग, राक्षस निवडून त्याच शहरावर सोडला. सुतळी बॉम्ब आठवला ना?

आता तेच साल इथं बघू. २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. त्याआधीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मुंबईला जोड म्हणून खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी. नकाशावर पाहिलं तर भातशेती, मिठागरं, खाजण. कागदावर मोकळीच जागा.

पण ती मोकळी नव्हती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात, दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना मिळाला, तो या लढ्यातून. शेव्याचा कोळीवाडा बंदरासाठी उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. तिथं घरांना वाळवी लागली आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला.

हे मी का सांगतोय? सिमसिटीत बुलडोझरचं एक बटण आहे. दाबलं की जागा साफ. कुणी ओरडत नाही. कुणाच्या आजोबांचं मिठागर तिथं नसतं. वाळूच्या पेटीची सगळी मजा एका अटीवर उभी आहे: ती वाळू दुसऱ्या कुणाची नाही. खेळात ही अट पाळली जाते म्हणून तो खेळ निरपराध आहे. नकाशा समोर घेऊन खऱ्या जमिनीकडे वाळूची पेटी म्हणून पाहिलं, की काय होतं हे या मातीला माहीत आहे. गेम वाईट आहे असं मी म्हणत नाही. खेळ आणि कारभार यांत फरक कुठं पडतो, एवढंच दाखवतोय.

सायबर कॅफेतली वही

पुढं येऊ. स्कॉटलंडमध्ये डंडी नावाच्या गावात एक कंपनी चोर-पोलीस असा गाड्यांचा गेम बनवत होती. नाव होतं 'रेस अँड चेस'. गेम काही जमत नव्हता. तिथं काम करणाऱ्यांनी पुढं सांगितलेली हकीकत अशी, की एकदा प्रोग्रॅममध्ये चूक झाली आणि पोलिसांच्या गाड्या वेड्यासारख्या खेळणाऱ्याच्या अंगावर येऊ लागल्या. नियम मोडला की जग अंगावर धावून येतं, हे सगळ्यांना इतकं आवडलं की त्याभोवतीच गेम उभा राहिला. १९९७ मध्ये तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो', म्हणजे आपला जीटीए, म्हणून आला.

आपल्याकडे तो खरा पोचला 'व्हाइस सिटी'मुळे. २००२ चा गेम, पीसीवर २००३ मध्ये आला. पनवेल असो, नाशिक असो, लातूर असो, सायबर कॅफेत तासाला दहा-वीस रुपये देऊन पोरं बसायची. एका खुर्चीवर तिघं. एक खेळणारा, दोन सल्लागार. आणि प्रत्येक कॅफेत एक वही किंवा चुरगळलेला कागद असायचा, त्यावर चीट कोड. 'पँझर' टाइप केलं की रणगाडा. 'ॲस्पिरिन' म्हणजे तब्येत ठणठणीत, त्यात शेवटी एक जास्तीचा 'ई' असायचा, तो विसरला की पंचाईत. 'लीव्ह मी अलोन' लिहिलं की पोलीस गायब. इंग्रजी निबंधात स्पेलिंग चुकवणारी पोरं हे कोड अंधारातही बिनचूक मारायची. (हशा)

मी स्वतः तिथं तासन् तास बसलोय. गेममध्ये एक गोष्ट होती, मोहिमा होत्या, खलनायक होता. आमच्यापैकी कुणीच ती गोष्ट शेवटपर्यंत नेली नाही. आम्ही काय केलं? टॅक्सी पळवून भाडी मारली. समुद्रात कुठपर्यंत जाता येतं ते पाहिलं. तिथं पोहता येत नाही, बुडून मरतो, हे माहीत असूनही प्रत्येकानं एकदा पाहिलंच. रणगाडा घेऊन धुमाकूळ घातला, पण तो दहा मिनिटांत कंटाळवाणा झाला. त्यानंतर आमच्यातल्या एकानं नवीनच खेळ काढला: सिग्नल पाळायचा. लाल दिवा लागला की थांबायचं, कुणाला धक्का लावायचा नाही, आणि शहर ओलांडून दाखवायचं. विश्वास ठेवा, त्या गेममध्ये ते फार अवघड होतं. त्या संध्याकाळइतकं आम्ही क्वचितच हसलो असू.

सगळी मुभा दिली तेव्हा पोरांनी आधी तोडफोड केली आणि मग स्वतःच स्वतःला नियम घालून घेतला. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ मध्ये खेळाची व्याख्या केली. त्याचा गाभा असा, की गरज नसलेले अडथळे आपणहून अंगावर घेणं म्हणजे खेळ. आपल्याला ती लगेच कळावी. लंगडी म्हणजे काय हो? दोन पाय शाबूत असताना एका पायावर पळणं.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवायला हवी. त्या कॅफेत मुली नसायच्या. मुलींकडे वाळूची पेटी नव्हती असं नाही. भातुकली हीच की! पितळेची बोळकी, खोटा भात, बाहुलीचं लग्न, व्याह्यांची भांडणं. आख्खं जग तिथंही मांडलेलं. पण मुलग्यांचा डाव वाड्याबाहेर गेला, मग कॅफेत गेला. मुलींचा ओट्यावरच राहिला आणि लवकर मोडला, कारण खऱ्या स्वयंपाकाला हात हवे होते. मोकळं जग कुणाला मिळतं, हा प्रश्न गेमच्या आधीपासूनचा आहे.

चौकट, इस्पिक, बदाम, किलवर

खेळणाऱ्यांच्या वागण्याचा पहिला नीट अभ्यास केला रिचर्ड बार्टल यांनी. १९७८ मध्ये इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि मग बार्टल यांनी नुसत्या शब्दांचा एक गेम केला, त्यात एकाच वेळी अनेक जण येऊ शकत. वर्षानुवर्षं लोक कसे वागतात हे पाहून १९९६ मध्ये बार्टल यांनी चार जाती सांगितल्या आणि त्यांना पत्त्यांची नावं दिली. चौकट म्हणजे कमावणारे: गुण, पैसा, पातळी. इस्पिक म्हणजे खणणारे, कोपरान् कोपरा हुडकणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे, गप्पा मारणारे. किलवर म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात मजा घेणारे.

माझं मत असं, की माणूस एकाच रंगाचा नसतो. संध्याकाळभरात तो चारही पानं खेळतो. १२ जानेवारी २०२४ ला इथला सागरी सेतू सुरू झाला. पहिल्याच दिवसांत लोकांनी काय केलं? गाड्या बाजूला लावून, कठड्याशी उभं राहून फोटो काढले. पोलिसांना दंड करावा लागला. पलीकडे पोचायची कुणाला घाई नव्हती. नकाशावर नवी जागा उघडली, की आधी सगळे इस्पिक होतात.

म्हणूनच ज्या गेममध्ये नकाशावर शंभर खुणा आधीच करून ठेवतात, इथं पेटी, इथं मोहीम, तिथं खेळणारा दमतो. सगळं सांगितलेलं असतं, मग ते हुडकणं राहत नाही, घरकामाची यादी होते. याच्या उलट 'माइनक्राफ्ट'. २००९ मध्ये लोकांपुढे आला तेव्हा त्यात नुसते ठोकळे होते. खणा आणि रचा. पोरांनी त्यात घरं रचली, मनोरे रचले, चालणारी यंत्रंसुद्धा रचली. दिवाळीचा किल्लाच तो, फक्त चिखल हाताला लागत नाही.

जावामधली लालपरी

आता शेवटचं उदाहरण, माझ्या घरातलं. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि कॅफेतली खुर्ची खिशात आली. २०१७ मध्ये इंडोनेशियातल्या मालेओ कंपनीचा 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' आला. बस चालवायची, प्रवासी घ्यायचे, पोचवायचे. त्यात एक सोय आहे: बसला हवा तो रंग आणि हवी ती अक्षरं लावता येतात.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. एकदा म्हणाला, "मामा, बघ." पाहतो तर काय, जावा बेटावरच्या रस्त्यावर आपली लालपरी! लाल रंग, एसटीचं चिन्ह, समोर पाटी. महाराष्ट्रातल्या पोरांनी असे रंग करून एकमेकांना वाटलेत. कुणी हिरकणी केली, कुणी शिवशाही. भाचा चालवत होता सुराबायाच्या रस्त्यावर, पण मला म्हणाला, "आता पेण येईल." मी म्हटलं, "अरे, हे इंडोनेशिया आहे." तो म्हणाला, "माहितीये. पण माझ्यासाठी पेणच आहे."

त्यानं गाडी कुठंही आपटली नाही. थांब्यावर थांबला. हॉर्न मात्र इंडोनेशियाचा, तो सुरात वाजणारा 'तेलोलेत'. तिथं पोरं रस्त्याकडेला उभी राहून बसवाल्यांना तो वाजवायला लावतात. या दोन देशांतल्या पोरांची कधी भेट झालेली नाही, पण एसटीच्या पाठी हात हलवत पळणारं पोरगं दोन्हीकडे आहे.

मी त्याला विचारलं, यात मजा काय? तू जिंकतोस कुठं? त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, "मामा, मी ड्रायव्हर असतो ना." बार्टल यांची चार पानं आणि सूट्स यांची व्याख्या बाजूला ठेवली, तर इतकं थेट उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. घरात तो लहान आहे, शाळेत त्याचा नंबर असतो, रस्त्यावर त्याला हात धरून नेतात. त्या पडद्यावर तीस माणसं त्याच्या भरवशावर बसलेली असतात.

आता सांगायचं ते सांगतो. मोकळ्या जगात माणसाला तीन गोष्टींत मजा येते. आपला डाव आपण ठरवण्यात. चुकलो तरी चालतं यात. आणि "बघ, मी काय केलं" म्हणून कुणाला तरी दाखवण्यात. या तिन्ही गोष्टी दिवाळीच्या किल्ल्यात होत्या. त्या कंपनीनं शोधल्या नाहीत, फक्त आपण बाहेर बंद केल्या तेव्हा तिनं त्या आत उघडून दिल्या.

या पट्ट्यात खाजणात पोहणारी, खेकडे धरणारी पोरं होती. आता कुंपण आहे, ट्रेलर आहेत, आणि आईबाप पोराला रस्त्यावर सोडायला भितात, त्यांचं चूक नाही. पण मग मोबाईल हिसकावण्याआधी स्वतःला एक विचारा: मी याला दुसरी कुठली जागा देतोय, जिथं त्याचा डाव तो ठरवेल? येत्या दिवाळीत एक ट्रकभर नको, घमेलंभर माती आणा. आणि किल्ल्यावर हेलिकॉप्टर उतरलं तर उतरू द्या.



प्रश्नोत्तरे

श्रोता: सर, हे सगळं छान, पण आमचा मुलगा रात्री दोनपर्यंत खेळतो. त्याचं काय?

वक्ते: हा खरा प्रश्न आहे, मी तो हसण्यावारी नेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलंय. झोप, शाळा, जेवण, माणसं सुटत असतील आणि महिनोन् महिने तसंच चाललं असेल, तर डॉक्टरांकडे न्या, त्यात कमीपणा नाही. पण तेवढं नसेल, तर आधी एकदा त्याच्या शेजारी बसा. ओरडायला नको, बघायला. त्याला विचारा, तू इथं कोण असतोस? ते कळलं की दोनचे बारा कसे करायचे, ते बोलता येतं.

श्रोता (मघाचे काका): मी उठून गेलो नाही, एवढं लिहून घ्या.

वक्ते: घेतलं, काका. (हशा)